चालत्या यंत्राला मोडीचा भाव

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी जगातल्या कोट्यवधी संगणकांना एका फटक्यात म्हातारे ठरवण्यात आले. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीची नेहमीची देखभाल त्या दिवशी थांबवली. ज्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या हव्या असतील त्यांनी ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वेगळी मुदतवाढ घ्यावी, नाहीतर ‘विंडोज ११’ बसवावी, असा पर्याय ठेवला. ही अकरावी प्रणाली बसवायची तर संगणकात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय पाहिजे आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला पाहिजे. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. म्हणजे २०१७ च्या आधीचा बहुतेक माल बाद. यंत्रात बिघाड नाही, पडदा स्वच्छ आहे, कळफलकाची बटणे उठतात-बसतात. पण तारीख उलटली. मी स्वतः बँकेतून वयाची साठ वर्षे भरली म्हणून घरी आलेला माणूस आहे, तेव्हा तारखेने निवृत्त होण्यातली गंमत मला कोणी समजावून सांगायला नको.

मुंबई-पुण्याकडे या गोष्टीचे फारसे कोणाला काही वाटणार नाही. तिथे जुने यंत्र जाते, नवे येते. पण ते जुने यंत्र जाते कुठे? ते आमच्याकडे येते. अकोला-खामगाव रस्त्यावरचे आमचे बाळापूर लोकांना ठाऊक असते ते मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरल्या किल्ल्यामुळे आणि मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीमुळे. इथल्या झेरॉक्सच्या दुकानात, शिकवणी वर्गात, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्यांच्या टेबलावर जे संगणक दिसतात, त्यातले बरेचसे मोठ्या शहरातल्या एखाद्या कचेरीने वापरून सोडलेले असतात. त्यांचे दुसरे आयुष्य इथे सुरू होते. ते आयुष्य एका कंपनीच्या तारखेने संपावे का, एवढाच आजचा प्रश्न आहे. आणि माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र त्यासाठी जे शिकावे लागते ते आपण मुलांना शिकवत नाही, ही माझी खरी तक्रार.

मी संध्याकाळी ज्या वाचनालयात जाऊन बसतो, तिथे देणगीतून आलेले असे सहा संगणक आहेत. समितीच्या बैठकीत ते कबाड्याला देण्याचा विषय निघाला. भावही ठरला होता, नगाला सहाशे रुपये. वाचनालयात अभ्यासाला येणारा एक मुलगा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला, वडील सतरंज्या विणतात, बैठकीच्या दाराशी उभा राहून म्हणाला, “काकाजी, कबाडात कायले देता? याच्यात लिनक्स टाकतो मी. पैसे नाही लागत.” पैसे लागत नाहीत हे ऐकल्यावर समितीचे मतपरिवर्तन व्हायला वेळ लागला नाही.

लिनक्स हे नाव ज्यांनी ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ ही प्रणाली घडवायला घेतली. पुढे १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी तशाच धर्तीची, पण कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी प्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला. आणि १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लायनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिला लागणारा गाभा लिहिला. तो गाभा पहिल्या खेपेला सुमारे दहा हजार ओळींचा होता. आज तो तीन कोटी ओळींच्या पुढे गेला आहे. जगभरची माणसे आणि कंपन्या मिळून त्यात भर घालतात, आणि त्यातली प्रत्येक ओळ बाळापुरात बसूनही वाचता येते.

युनिक्स मला परका नाही. १९८३ साली बँकांच्या संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, मग १९८४ आणि १९८९ चे रंगराजन समितीचे अहवाल आले. त्यांच्या मागोमाग शाखांत संगणक आले तेव्हा मी तरुण होतो. नव्वदीच्या दशकात आमच्या शाखेत एससीओ युनिक्सचे एक मुख्य यंत्र होते, त्याला जोडलेले हिरव्या अक्षरांचे टर्मिनल, आणि मुख्य परवलीचा शब्द सीलबंद लिफाफ्यात तिजोरीत. रोजचा व्यवहार बंद झाला की टेप लावायची, सगळ्या खात्यांची प्रत तिच्यावर उतरवायची, आणि टेप काढून दुसऱ्या जागी ठेवायची. ही टेप म्हणजे आजच्या पेनड्राइव्हची आजी. ती कशी लावावी आणि मुख्य म्हणजे कधी काढू नये, याचे धडे आम्हाला नोकरीच्या धाकात मिळाले. असो.

मुलाने पहिल्या संगणकात ‘डेबियन १२’ ही लिनक्सची आवृत्ती बसवली. पडदा उजळला, मराठी टंकलेखन सुरू झाले. अडले ते इंटरनेटपाशी. अकोल्याहून आणलेले वाय-फायचे बोटभर डोंगल यंत्राला ओळखता येईना. शोधाअंती कळले की त्या डोंगलमधल्या चिपची ओळख लिनक्सच्या गाभ्यात ६.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून आली. आणि डेबियन १२ मधला गाभा ६.१ चा. एका पायरीने हुकले. नवा गाभा तयार स्वरूपात उतरवून घेण्याचा सोपा मार्गही होता. पण पोरगा म्हणाला, आपण तो मुळापासून बांधू. विशीतल्या माणसाने सोपा मार्ग सोडला तर त्याला अडवू नये, असे माझे मत आहे.

या गाभ्याला इंग्रजीत ‘कर्नल’ म्हणतात. आमच्या वाचनालयाच्या शिपायाने तीन दिवस आमचे बोलणे ऐकून शेवटी विचारले, “साहेब, हे कर्नल कोण्या पलटणीतले?” त्याला जे सांगितले तेच इथे सांगतो. बँकेत ग्राहक स्वतः तिजोरीला हात लावत नाही, रोखपालाकडे चिठ्ठी देतो. तसे संगणकातला कुठलाही प्रोग्राम डिस्कला, पडद्याला, पेनड्राइव्हला स्वतः हात लावत नाही. तो कर्नलकडे मागणी करतो. त्या त्या यंत्राशी बोलण्याची भाषा कर्नलपाशी हवी. ती भाषा म्हणजे ड्रायव्हर. आणि कर्नल ‘कंपाइल’ करणे म्हणजे माणसाला वाचता येणाऱ्या त्या कोट्यवधी ओळींतून आपल्याला हव्या तेवढ्या निवडून यंत्राला कळणाऱ्या रूपात आणणे. त्याआधी एक लांबलचक निवडयादी भरावी लागते: हे हवे, हे नको, हे लागेल तेव्हा जोडायचे सुटे मॉड्यूल म्हणून ठेवावे.

काम सुरू झाले आणि अर्थातच थांबले. पहिली अडचण नमुनेदार होती. मुलाने डेबियनचीच जुनी यादी पायाला घेतली होती. त्या यादीत डेबियनच्या स्वतःच्या प्रमाणपत्राच्या फाइलचे नाव होते, आणि ती फाइल मूळ कर्नलच्या गठ्ठ्यात नसतेच. दुसऱ्याच्या लेटरहेडवर अर्ज लिहायला घेतला आणि शिक्का त्याच्या कपाटात राहिला, अशातला प्रकार. यादीतली ती जागा रिकामी केली की गाडी पुढे जाते. पण हे कळणार कसे? पडद्यावर शेवटची ओळ दिसते ती ‘एरर २’ एवढीच, आणि पोरे तीच ओळ धरून बसतात. काम लवकर व्हावे म्हणून चार कामे एकदम लावलेली असतात. त्यामुळे एक जागी बिघडले तरी बाकीची तीन आणखी काही ओळी छापत राहतात आणि खरे कारण वर सरकून जाते. मी त्याला म्हटले, वर जा, पहिली चूक शोध. रोजच्या खतावणीचा मेळ जुळला नाही की आम्हीही हेच करत असू. फरकाला नवाने भाग गेला तर कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली आहे, हे जुन्या हेडक्लार्कने शिकवलेले सूत्र. यंत्रातही अशी सूत्रे असतात. एकच काम लावून पुन्हा चालवा, म्हणजे ते जिथे अडते तिथेच थांबते आणि कारण शेवटालाच दिसते, हे त्यातले पहिले.

दुसरी अडचण शुद्ध वऱ्हाडी. वीज गेली. पारसचे औष्णिक वीज केंद्र याच बाळापूर तालुक्यात आहे, आणि तरी ती जाते; यावर मी पूर्वीच एवढे लिहिले आहे की आता कंटाळा आला. जुन्या दोन गाभ्यांच्या प्रोसेसरवर हे काम तासन् तास चालते, तेव्हा सगळे पाण्यात गेले असे मला वाटले. पण तसे नव्हते. हे काम ‘मेक’ नावाचा प्रोग्राम करवून घेतो. तो १९७६ साली बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिला. तो प्रत्येक फाइलची वेळ बघतो; मूळ मजकुरापेक्षा तयार तुकडा नवा असेल तर पुन्हा करत नाही. म्हणजे वीज आल्यावर जिथे थांबले तिथून पुढे. वाटावे, हा माणूस भारनियमनात वाढला असावा.

मात्र आमचे यंत्र वीज येताच भलतेच बोलू लागले. घड्याळ जुळत नाही, काम अपुरे राहिले असण्याचा संभव आहे, असा इशारा. कारण हास्यास्पद वाटेल इतके लहान निघाले. संगणकाच्या आत बटणाएवढा सीआर २०३२ नावाचा एक सेल असतो. वीज नसताना तो घड्याळ चालवतो. दहा-बारा वर्षांत तो मेला होता. वीज गेली की यंत्राची तारीख कित्येक वर्षे मागे जात होती. इंटरनेट असते तर तारीख आपोआप सुधारली असती. पण इंटरनेटसाठीच तर हा खटाटोप चालला होता. मग मागच्या सालात उभे राहून ‘मेक’ने बघितले तर सगळ्या फायली भविष्यकाळातल्या! चौकातल्या घड्याळाच्या दुकानातून सेल आणला, तारीख लावली, अर्धवट राहिलेले तुकडे पुसले आणि काम पुढे सुरू झाले. संगणक ‘हळू झाला’, ‘वेडा झाला’ म्हणून मोडीत निघालेल्या यंत्रांपैकी किती या बटणापायी गेली असतील, असा विचार तेव्हा मनात आला.

नवा कर्नल उभा राहिला. डोंगल ओळखले गेले, इंटरनेट आले, वाचनालयात टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी एक मुलगी स्पर्धा परीक्षेची कागदपत्रे पेनड्राइव्हमध्ये घेऊन आली. आणि पेनड्राइव्ह दिसेना.

“काकाजी, कालपर्यंत दिसत होता. आता काहीच दिसून नाही राह्यलं. पोर्ट गेला असंन.”

आपल्याकडे निदानाची ही पद्धत फार रूढ आहे. काही चालेनासे झाले की काहीतरी ‘गेले’ असते आणि ते नवे आणायचे असते. लिनक्समध्ये जुना कर्नल पुसला जात नाही. सुरू होताना यादीतून त्यालाही निवडता येते. नव्याची खात्री पटेपर्यंत जुन्याला घराबाहेर न काढण्याची ही रीत मला फार समंजस वाटते. जुना कर्नल निवडून यंत्र सुरू केले, पेनड्राइव्ह लगेच दिसला. म्हणजे पोर्ट शाबूत, पेनड्राइव्हही शाबूत. पुन्हा नवा कर्नल. आता त्याची रोजनिशी उघडली. प्रत्येक घडामोड कर्नल ओळीने लिहून ठेवतो आणि ‘डी-मेसेज’ ही आज्ञा दिली की ती वाचता येते. तिथे लिहिले होते: नवे यूएसबी यंत्र आले, बनवणारी कंपनी अमुक, क्रमांक तमुक. आणि पुढे काही नाही. पोर्ट किंवा वायर खराब असती तर साधारणपणे ‘उणे ७१’ किंवा ‘उणे ११०’ अशा खुणेच्या तक्रारी दिसल्या असत्या; तेव्हा पुढचे पोर्ट सोडून मागचे वापरून बघावे, कारण जुन्या डब्यांत पुढच्या पोर्टांपर्यंत जाणाऱ्या वायरी सैल झालेल्या असतात. इथे तशी तक्रार नव्हती. ग्राहक दाराशी आला, चौकीदाराने नाव लिहून घेतले, पण आत खिडकीवर माणूसच नाही, अशी अवस्था.

खिडकीवरचा माणूस गेला कुठे? त्याचे उत्तर त्या निवडयादीत होते. पूर्ण यादीचा कर्नल बांधायला जुन्या यंत्रावर फार वेळ लागतो, म्हणून मुलाने एक सोय वापरली होती. ‘लोकलमॉडकॉन्फिग’ तिचे नाव. ती बघते की या घटकेला यंत्रात कोणकोणती मॉड्यूल्स जागी आहेत, आणि फक्त तेवढीच यादीत ठेवून बाकीची गाळते. हजारोंच्या जागी शे-दीडशेवर काम भागते. उत्तम सोय आहे. पण मुलाने आदल्या दिवशी पेनड्राइव्हवरून गठ्ठा उतरवला, पेनड्राइव्ह खिशात घालून घरी गेला, आणि सकाळी यंत्र नव्याने सुरू करून यादी केली. त्या घटकेला पेनड्राइव्ह लावलेला नव्हता, त्यामुळे ‘यूएसबी-स्टोरेज’ हे मॉड्यूल जागे नव्हते. गाळले गेले. दिवाळीनंतर कामाला सुरतेला गेलेल्या कुटुंबाच्या घरी शिरगणतीवाला यावा आणि दाराला कुलूप बघून कुटुंबच नाही असे लिहून जावा, तसे झाले.

यादीत ते नाव घातले. ‘मेक’ने बाकीच्याला हात न लावता तेवढेच बांधले, काही मिनिटांत. पेनड्राइव्ह दिसला, पण उघडेना. आता तक्रार वेगळी: ‘व्हीफॅट’ ही मांडणी ठाऊक नाही. बरेचसे पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने आखलेले असतात ती वाचणारे मॉड्यूलही त्याच न्यायाने गाळले गेले होते, आणि सोबत नावांची लिपी समजणारी मॉड्यूल्सही. इथे मराठी माणसाने विशेष सावध राहावे. कर्नलच्या यादीत यूटीएफ-८ ची निवड नसेल आणि डिस्क जोडतानाही ते सांगितले नसेल, तर ‘जातीचा दाखला’ या नावाच्या फाइलच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. फाइल शाबूत असते, पण माणूस घाबरतो आणि घाबरून पुसून टाकतो. मोठ्या क्षमतेची कार्डे आणि ड्राइव्ह ‘एक्सफॅट’ पद्धतीचे येतात. ती पद्धत मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये खुली केल्यावर २०२० च्या ५.७ या कर्नलपासून तिची चांगली सोय झाली. तीही यादीत घातली. संध्याकाळपर्यंत त्या मुलीची कागदपत्रे पडद्यावर आली.

पेनड्राइव्ह काढण्याबद्दल मात्र मी कठोर आहे. दुकानादुकानांत मी बघतो, पडद्यावरची पट्टी भरली की पोरे खसकन ओढून काढतात. पट्टी भरली याचा अर्थ मजकूर पोचला असा नव्हे. लिनक्समध्ये लिहायचा मजकूर आधी स्मृतीत ठेवला जातो आणि सवडीने डिस्कवर जातो; या उशिराची नेहमीची मुदत तीसेक सेकंदांची आहे, आणि ड्राइव्ह मंद असेल तर लिहिणे त्यापुढेही चालते. व्हाउचर ट्रेमध्ये पडले म्हणजे खात्यात जमा झाले नाही, हे प्रत्येक कारकुनाला ठाऊक असते. ‘अनमाउंट’ करणे म्हणजे ट्रे रिकामा होईपर्यंत थांबणे. ‘माउंट’ हा शब्दही मोठ्या तबकड्या खरोखर उचलून यंत्रावर चढवायच्या त्या काळातला आहे. आमच्या शाखेत टेप फिरत असताना तिला हात लावणाऱ्याला मेमो मिळे. आज आयुष्यभराची प्रमाणपत्रे बोटाएवढ्या वस्तूत असतात आणि ती ओढून काढणाऱ्याला कोणी हटकत नाही.

यावर माझे इंजिनीअर मित्र म्हणतात, “अहो, आजकाल कर्नल कंपाइल करतो कोण? तयार मिळतो. आणि नोकरीला गेल्यावर पोरांपुढे विंडोजच येणार.” दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शंभरातल्या नव्वदांहून अधिक लोकांना याची गरज पडणार नाही. पण गणिताच्या तासाला भागाकार हाताने करायला लावतो तो पुढे हातानेच करावा म्हणून नव्हे. आपल्या संगणक अभ्यासक्रमांत कोणते बटण कुठे आहे हे शिकवले जाते. पुढच्या आवृत्तीत बटण सरकते आणि शिक्षण संपते. यंत्राने लिहून दिलेली तक्रार वाचावी कशी, चालणारे आणि न चालणारे समोरासमोर ठेवून फरक काढावा कसा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी हे का, याचा एकही तास नसतो. सतरंजीवाल्याच्या पोराने ते तीन आठवड्यांत शिकून घेतले, आणि ज्या यंत्रावर शिकला ते सहाशे रुपयांत जाणार होते.

भाषेचा मुद्दा उरतो. २००० साली सुरू झालेल्या इंडलिनक्स प्रकल्पापासून कितीतरी स्वयंसेवकांनी लिनक्सचे पडदे भारतीय भाषांत आणण्याचे काम केले, मुंबईच्या आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’मध्ये लिनक्सचे धडे मराठीतही ऐकता येतात. कर्नलच्या तक्रारी मात्र इंग्रजीतच असतात, आणि मराठीचा अभिमान बाळगूनही सांगतो, त्या तशाच राहाव्यात. त्याच शब्दांनी जगभर शोध घेता येतो. हवे आहे ते मराठीतले स्पष्टीकरण, त्या ओळीच्या शेजारी लिहिलेले. तालुक्याच्या प्रत्येक वाचनालयाने असे एक यंत्र केवळ उघडण्या-बिघडवण्यासाठी ठेवावे आणि सोबत एक वही ठेवावी. शासनाची योजना येईल तेव्हा येईल. वहीला निविदा लागत नाही.

आमची वही सुरू झाली आहे. सहापैकी पाच यंत्रे चालतात, सहाव्याची रॅम काढून दोघांना वाटून दिली. पानावर चार रकाने आहेत: तारीख, यंत्राने लिहिलेली ओळ जशीच्या तशी, तिचा वऱ्हाडीत अर्थ, आणि काय केल्यावर सुटले. आजवर एकेचाळीस नोंदी झाल्या. शेवटची प्रिंटरची आहे. तिचा चौथा रकाना अजून रिकामा आहे.